सोऱ्या, संचा आणि हांडवा-कुकर : बडोद्याच्या मराठी स्वयंपाकघरातलं खालचं फडताळ

बडोद्यातल्या जुन्या मराठी घराचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपण आधी कागद शोधतो. सनदा, सरकारी नोकरीचे हुकूम, लग्नपत्रिका, जमाखर्चाच्या वह्या. कागद संपले की तांब्या-पितळेच्या भांड्यांकडे वळतो. बंब, घंगाळ, हंडे यांचे फोटो निघतात, वजनं लिहिली जातात. स्वयंपाकघरातलं खालचं फडताळ मात्र सहसा कुणी उघडून पाहत नाही. त्या फडताळात चकलीचा सोऱ्या असतो, त्याच्या चकत्यांचा डबा असतो, पुरणयंत्र, शेवयांचं यंत्र, मोदकाचे साचे, करंजीचं कातणं, दोन-तीन किसण्या, हांडवा-कुकर, आप्पेपात्र, आणि शिवाय एखादं असं यंत्र असतं की ते कशासाठी आहे हे घरात आता एकाच माणसाला माहीत असतं.

घरातले लोक याला हौस म्हणतात, चिडले की पसारा म्हणतात. हौस आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे किसण्या पाच आहेत आणि सहावी आणली तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. पण मी जसजशी ओळखीच्या घरांतली फडताळं पाहत गेले, तसतसं माझ्या लक्षात आलं की आपली माणसं इथे कुठून आली, इथे कुणाच्या शेजारी राहिली आणि घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे पैसे कधी येऊ लागले, हे सगळं या साधनांवरून बऱ्यापैकी वाचता येतं. कागदांत यातलं फारसं काही सापडत नाही. म्हणून हा लेख.

एका पदार्थाला एक यंत्र

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की एवढी साधनं लागतात कशाला? उत्तर आपल्या सणांच्या वर्षात आहे. रोजच्या स्वयंपाकाला तवा, पातेलं, पोळपाट-लाटणं, विळी आणि सांडशी पुरते. बाकीची साधनं वर्षातून दोन-चारदाच बाहेर येतात. गणपतीत मोदकपात्र, दिवाळीत सोऱ्या आणि कातणं, होळीला पुरणयंत्र, उन्हाळ्यात शेवया, कुरडया आणि बटाट्याचा कीस. काम झालं की धुऊन, पुसून, कोरडं करून परत आत.

पण त्या दोन-चार दिवसांत त्या साधनाशिवाय काम अडतं. पुरणयंत्राचंच घ्या. बुडाला भोकांची चकती, वर फिरणारा दांडा, आणि दांड्याला तिरपं पातं. दांडा फिरवला की पातं शिजलेल्या डाळीला चकतीवर दाबत जातं आणि पुरण खाली पडतं. डाळ गरम असेपर्यंत हे झरझर होतं. गार झाली की घट्ट होऊन भोकं बुजतात. याच्या आधी पुरण पाट्यावर वाटत असत. चाळीस पोळ्यांचं पुरण पाट्यावर वाटलेल्या बाईला या यंत्राची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सोऱ्याचंही तसंच. जुना सोऱ्या म्हणजे पितळेचं नळकांडं आणि वरून दोन्ही हातांनी दाबायचा दट्ट्या. चकलीचं पीठ घट्ट असतं, म्हणून मनगटं आणि खांदे भरून येतात. पुढे आट्यांचा, म्हणजे स्क्रूचा सोऱ्या आला. त्यात मूठ फिरवली की दट्ट्या हळूहळू खाली सरकतो आणि कमी जोरात जास्त दाब मिळतो. एवढाच फरक, पण त्यामुळे सत्तरीतल्या बाईलाही एकटीनं चकल्या पाडता येऊ लागल्या. हौसेनं घेतलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच अशा दुखऱ्या मनगटामुळे घेतलेल्या असतात.

बरोबर आलेली साधनं

दमाजीराव गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचं ताब्यात घेतलं आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. या दोनशे पंधरा वर्षांत देशावरून, कोकणातून मराठी कुटुंबं टप्प्याटप्प्यानं इथे येत राहिली. फौजेबरोबर आली, कारकुनीसाठी आली, देवस्थानांच्या पूजेअर्चेसाठी आली, आणि सयाजीराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८७५ नंतर, शाळा, दवाखाने आणि निरनिराळ्या खात्यांत नोकरीसाठी आली. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांत ती स्थिरावली.

त्यांच्या स्वयंपाकघराची सगळ्यात ठळक खूण म्हणजे विळी. गुजराती शेजारीण भाजी हातात धरून सुरीनं, म्हणजे तिच्या भाषेत छरीनं चिरते. आपल्याकडे पाटावर बसून, पाय विळीच्या पाटावर दाबून, दोन्ही हातांनी भाजी पात्यावर आणायची रीत. विळीच्या टोकाला नारळाची खवणी असेल तर घराच्या मुळाबद्दल आणखी थोडा अंदाज येतो. बडोदे हा काही नारळाचा मुलूख नव्हे. तरीही खवणीची विळी पिढ्यान् पिढ्या सांभाळली गेली असेल, तर त्या घरात ओल्या नारळाचं जेवण चालू राहिलं असा अर्थ निघतो. मूळ देशावरच्या काही घरांत मला बिनखवणीची विळी दिसली आणि शेंगदाण्याचं कूट करायचा खलबत्ता मात्र चांगला वापरून गुळगुळीत झालेला.

दुसरी खूण काठवट. भाकरीचं पीठ मळायची ही लाकडी परात आता क्वचित दिसते. गंमत अशी की गुजरातीत कणीक मळायच्या परातीला ‘कथरोट’ म्हणतात, आणि ती हल्ली पितळेची किंवा स्टीलची असते. हिंदीतली ‘कठौती’ही याच कुळातली. तिन्ही शब्दांच्या पोटात ‘काष्ठ’ म्हणजे लाकूड आहे. गुजराती कथरोटीतलं लाकूड गेलं, शब्द राहिला. आपल्याकडे लाकूड गेलं तसा शब्दही चालला आहे. बडोद्यातल्या तरुण मराठी मुलींना ‘काठवट’ कळत नाही, ‘कथरोट’ कळतो.

शेजाऱ्यांकडून आलेली साधनं

इथून पुढचा भाग खास बडोद्याचा. पुण्या-साताऱ्याच्या फडताळात आणि आपल्या फडताळात फरक पडतो तो इथे.

पहिला मान संच्याचा. गुजराती घरात शेव पाडायच्या यंत्राला ‘संचो’ म्हणतात. काम तेच, सोऱ्याचंच. पण सोऱ्याबरोबर साधारणपणे चकलीची चांदणी आणि शेवेच्या एक-दोन चकत्या येतात, तर संच्याबरोबर बारीक शेव, जाड शेव, गाठिया, पापडी अशा वेगवेगळ्या चकत्यांचा डबाच येतो. आमच्याकडे एकाच घरात दोन्ही नावं नांदतात. चकली करायची असेल तर ‘सोऱ्या काढ’, शेव करायची असेल तर ‘संचा काढ’, आणि निघतं ते यंत्र एकच. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं, आम्हाला त्यात काहीच वाटत नाही. मराठी पदार्थ करताना यंत्राचं नाव मराठी, गुजराती पदार्थ करताना गुजराती.

मग ढोकळ्याचं भांडं, म्हणजे ‘ढोकळियुं’. उंच पातेलं, तळाला पाणी, वर एकावर एक ताटल्या, घट्ट झाकण. मोदकपात्राचं तत्त्व हेच. त्यामुळे कित्येक घरांत स्वतंत्र मोदकपात्र घेतलंच नाही. गणपतीत त्याच भांड्यात ताटलीऐवजी चाळणी ठेवून मोदक उकडले, आळूच्या वड्यांचे उंडेही उकडले, आणि इतर दिवशी ढोकळा. एकाच भांड्यातून दोन्हीकडचे पदार्थ निघू लागले.

हांडवा-कुकर हे मला सगळ्यात आवडतं साधन. ॲल्युमिनियमचं गोल भांडं, मधोमध नळीसारखी पोकळी, वर भोकं असलेलं झाकण, आणि खाली वाळू घालायची थाळी. वाळू तापली की उष्णता सावकाश आणि सारखी पोचते. खालून ज्योत थेट लागत नाही म्हणून हांडवा करपत नाही. घरात ओव्हन नसताना भाजणीचा पदार्थ करायची ही सोपी युक्ती. मराठी घरांत हे भांडं शिरलं ते हांडव्यासाठी, पण त्याचा खरा उपयोग झाला रव्याच्या केकसाठी. मुलांच्या वाढदिवसाचा मधे भोक असलेला केक बडोद्यातल्या अनेक मराठी मंडळींना आठवत असेल. तो त्या नळीमुळे.

खाकरा दाबायचा लाकडी दट्ट्या, चुलीवरून रोटली उतरवायचा लांब ‘चीपियो’, उलथण्याऐवजी ‘तवेथो’, किसणीऐवजी ‘खमणी’, खलबत्त्याऐवजी ‘खांडणी-दस्तो’, अशी यादी बरीच लांबवता येईल. त्यातही एक भेद पाहण्यासारखा आहे. काही ठिकाणी वस्तू जुनीच राहिली आणि नाव तेवढं बदललं, जसं खलबत्ता. काही ठिकाणी वस्तू आणि नाव दोन्ही नवीन आलं, जसं हांडवा-कुकर. आणि ‘घरघंटी’ तर फार नंतर आली. गुजरातीत घंटी म्हणजे जातं. घरगुती विजेच्या चक्कीला हे नाव मिळालं आणि आपणही ते जसंच्या तसं उचललं. ‘जातं’ हा शब्द आपल्याकडे ओव्यांपुरता राहिला, पीठ मात्र घरघंटीवर होतं.

जमिनीवरून ओट्यावर

साधनांत सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती स्वयंपाक बसून करायच्या ऐवजी उभ्यानं होऊ लागला तेव्हा. विळी, पाटा-वरवंटा, उखळ, जातं, काठवट ही सगळी बसून वापरायची साधनं. अंगाचा भार त्यांच्यावर टाकता येतो, त्यावरच ती चालतात. ओटा आला आणि या सगळ्यांची पंचाईत झाली. विळी ओट्यावर ठेवून चालत नाही, पाय कुठे दाबणार?

बडोद्याच्या बाबतीत या बदलाला एक स्थानिक बाजू आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं आणि पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता यांच्या कारकिर्दीत, १९५० मध्ये, तिथे होम सायन्सची विद्याशाखा सुरू झाली. गृहव्यवस्थापन हा तिथला एक प्रमुख विषय. कामाची जागा कशी मांडावी, ओट्याची उंची किती असावी, कष्ट आणि वेळ कसा वाचवावा, या गोष्टी अभ्यासाच्या झाल्या. शहरातल्या मराठी मुली तिथे शिकल्या आणि त्यांच्या सासर-माहेरच्या स्वयंपाकघरांत हा विचार थोडाफार पोचला.

इंधनही बदलत होतं. कोळशाची शेगडी, वातीचा आणि पंपाचा स्टोव्ह, मग गॅस. पंपाचा प्रायमस मूळचा स्वीडनचा, १८९२ सालचा. १९६० च्या दशकात शहराजवळ कोयलीला रिफायनरी उभी राहिली, आणि १९७० च्या दशकात तर शहराच्या काही भागांत नळीनं घरगुती गॅस येऊ लागला. बडोद्याला ही सोय देशातल्या बऱ्याच शहरांच्या आधी मिळाली.

याच सुमारास प्रेशर कुकर घरात आले. हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांचे भारतीय कुकर १९५९ च्या आसपास निघाले. त्याच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये, कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक यांनी इक्मिक कुकर तयार केला होता. उभ्या नळकांड्यात एकावर एक डबे आणि तळाला निखारे, वरणभात एकदमच होई. नोकरीसाठी एकट्या राहणाऱ्या माणसांना आणि यात्रेकरूंना तो सोयीचा होता. जुन्या घराच्या माळ्यावर असं नळकांडं दिसलं, तर त्या घरातला कुणी पुरुष कधीकाळी परगावी हातानं रांधून जेवत होता का, हे विचारून पाहावं.

मिक्सरची गोष्ट वेगळी. परदेशी यंत्रं फळांचा रस काढायला ठीक होती, पण भिजलेली डाळ आणि सुकं खोबरं त्यांना झेपत नसे. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर यांनी आपल्याकडच्या वाटणाला टिकेल अशी मोटार असलेला ‘सुमीत’ मिक्सर तयार केला आणि पाटा-वरवंटा हळूहळू मागल्या अंगणात गेला.

या संक्रमणात मधल्या पिढीची काही साधनं फार मजेशीर आहेत. शेवयांचं यंत्र टेबलाच्या कडेला शिकंज्यानं आवळायचं असतं. आपल्या दगडी ओट्याची कड इतकी जाड, की शिकंजा त्यावर बसतच नाही. म्हणून शेवया व्हायच्या जेवणाच्या टेबलावर, आणि टेबल नसेल तर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर. एखाद्या जुन्या टेबलाच्या कडेला खालून दाबल्याच्या गोल खुणा दिसल्या तर त्या बहुधा याच यंत्राच्या.

पैसे कुणाचे, नाव कुणाचं

आता मुख्य मुद्द्याकडे येते.

मोठ्या भांड्यांवर नाव घातलेलं असतं. पूर्वी टाकीनं ठिपके ठोकून, नंतर विजेच्या पेनानं. नाव बहुधा घरातल्या पुरुषाचं, किंवा देणाऱ्याचं, आणि सोबत तारीख, लग्न-मुंजीचा प्रसंग. तांब्या-पितळेच्या धंद्यासाठी नावाजलेलं विसनगर हे बडोदे संस्थानातलंच गाव, त्यामुळे चांगली भांडी मिळायला अडचण नव्हती. नाव घालणारा कारागीर मात्र बहुधा गुजराती. त्याचा एक नमुना आमच्याच घरात आहे. माझ्या पणजीच्या नावानं आलेल्या पातेल्यावर तिच्या नावापुढे ‘बाई’ नसून ‘बेन’ आहे, आणि अक्षरं गुजराती आहेत, वर शिरोरेघ नाही. एका शब्दात तिचं सगळं बडोदेपण आलं.

फडताळातल्या लहान साधनांवर मात्र नाव नसतं. सोऱ्यावर, किसणीवर, कातण्यावर कोण नाव घालणार? पण हीच साधनं बाईनं स्वतः निवडलेली असतात. मोठी भांडी आहेरात आली, वाटणीत आली, सासऱ्यांनी घेतली. लहान साधनांची वाट वेगळी. काही रुखवतात आली. रुखवतात फराळाच्या ताटांशेजारी ती मांडून ठेवायची, म्हणजे मुलगी संसाराची तयारी घेऊन आली हे दिसायचं. काही जुन्या कपड्यांवर आली. दुपारी डोक्यावर पाटी घेऊन भांडी विकायला येणाऱ्या बाईला आपण बोहारीण म्हणतो. तिच्याशी तासभर घासाघीस करून दोन जुन्या पँटी आणि एका जरीच्या साडीवर एक स्टीलचा डबा आणि वर एक किसणी मिळवायची, यात नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. काही भिशीच्या पैशांतून आली, काही मंगळ बाजारात खरेदीला गेल्यावर भाजीच्या उरलेल्या पैशांतून.

घर, दागिने, पितळेची भांडी यांच्याबद्दलचे निर्णय घरातले मोठे घेत. कुठलं पुरणयंत्र घ्यायचं हा निर्णय तिचा. ते तिनं चालवून पाहिलं, दुकानदाराशी भांडून बदलून आणलं, वापरून झाल्यावर कापडात गुंडाळून ठेवलं. हौस हा शब्द आपण हसून उच्चारतो, पण तिच्या मालकीचं, तिच्या पसंतीचं असं घरात जे थोडं होतं ते या फडताळात होतं. तिच्या नावानं दुसरं काही शोधायला गेलं तर कित्येकदा लग्नपत्रिका आणि मृत्यूचा दाखला, एवढंच हाती लागतं.

आज काय होतं आहे

दांडिया बाजार, रावपुरा भागातले जुने वाडे पाडून फ्लॅट होताहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिका-कॅनडात. घर रिकामं करताना पितळ वाचतं. त्याला भाव आहे, शिवाय घासून दिवाणखान्यात ठेवलं तर शोभतं. ॲल्युमिनियम, पत्रा आणि मोडकं लाकूड भंगारात किलोवर जातं. ओळखीच्या एका घरातला हांडवा-कुकर वजनकाट्यावर चढताना मी पाहिला. खालच्या थाळीत वाळू तशीच होती. भंगारवाल्यानं ती आधी रस्त्यावर ओतली आणि मग वजन केलं. वर्षानुवर्षं तापून ती वाळू काळी पडलेली होती.

संग्रहालयांनी या बाबतीत थोडं काम केलेलं आहे. अहमदाबादला विशाला इथे १९८१ पासून भांड्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे, सुरेंद्र पटेल यांनी उभं केलेलं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात स्वयंपाकाची भांडी, अडकित्ते, दिवे जपून ठेवले आहेत. पण तिथे जाते ती कारागिरीनं देखणी वस्तू. बाजारात मिळणारी, साच्यातून निघालेली किसणी तिथे कोण देणार आणि कोण घेणार? ती आपणच नोंदवायला हवी, आणि वस्तू ठेवणं जमलं नाही तरी तिची हकीकत तरी लिहून ठेवायला हवी.

मंडळाच्या सभासदांनी आपापल्या घरात सुरुवात करावी असं मला वाटतं. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत सगळं बाहेर निघतंच, तेव्हा प्रत्येक साधनाचा एक फोटो काढावा आणि घरातल्या सगळ्यात वडील बाईला एवढं विचारावं :

१. याला तुम्ही काय म्हणता? मराठी आणि गुजराती दोन्ही नावं.
२. कुठून आलं? आहेर, रुखवत, बोहारीण, दुकान की शेजारीण?
३. पैसे कुणी दिले?
४. याच्या आधी हे काम कशावर होत असे?
५. मूळ पदार्थाशिवाय आणखी कशाला वापरलं?
६. शेवटचं कधी वापरलं?

उत्तरं तिच्याच शब्दांत लिहावीत, शुद्ध करू नयेत. ती ‘खमणी’ म्हणाली तर ‘खमणी’च लिहावं. तिसऱ्या प्रश्नाला ती कदाचित आधी हसेल आणि विषय बदलेल. तेव्हा थोडं थांबावं. माझा अनुभव असा, की सगळ्यात लांब उत्तर याच प्रश्नाचं मिळतं.

आणि एक. परदेशी गेलेल्या नातेवाइकांनाही विचारावं. तेवीस किलोच्या बॅगेत त्यांनी घंगाळ नेलं नाही. पण पुरणयंत्र आणि सोऱ्या नेला का, नेला असेल तर कुणी भरून दिला, आणि तिकडे त्याला आता काय म्हणतात, हेही आपल्या नोंदवहीत यायला हवं.